'आत्ता नको' आणि ताईची गाडी

गाडी जोरात पळावी म्हणून लोक त्याच्याकडे येत, आणि दहांतल्या सात-आठ जणांना तो तसंच परत पाठवी. धंदा करायची ही काय रीत झाली? पण त्याची रीत तीच होती. टर्बोच्या गाडीचं इंजिन त्या एका गाडीपुरतं ट्यून करून द्यायचं हे त्याचं काम, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की "आत्ता नको" म्हणायचं ही त्याची खोड. शेवटी गिऱ्हाइकांनी त्याचं नावच 'आत्ता नको' पाडलं. लोकांच्या फोनमध्येही त्याचा नंबर याच नावानं होता. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं.

वर्कशॉप शहराच्या टोकाला, फरशांच्या गोदामाला लागून. आत जमिनीत दोन जाडजूड रोलर बसवलेले. त्यांच्यावर गाडीची चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची, समोर माणसाएवढा पंखा लावायचा आणि गाडी जागच्या जागी ताशी दीडशेनं पळवायची. शेजारी लॅपटॉप, त्याची वायर गाडीच्या मेंदूला. कुठल्या वेगाला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोनं किती हवा कोंबायची, याचे हजारो आकडे त्या मेंदूत असतात. कंपनी सगळ्या गाड्यांना सरसकट एकच आकडे देते. हा ते एकेक करून समोरच्या गाडीच्या अंगाला बसतील असे करून द्यायचा.

पण त्याआधी चौकशी. पुठ्ठ्याच्या कार्डांवर त्यानं अकरा प्रश्न छापून घेतले होते आणि ते तो क्रमानं, एकही न गाळता विचारायचा. पहिलाच प्रश्न असा की निम्मी माणसं तिथंच गळायची: "गाडीत पुढे आणखी काय बदलायचंय?"

मागच्या महिन्यात एक चष्मेवाला आला होता. नवी कोरी गाडी, नवा कोरा उत्साह.

"मोठा सायलेन्सर टाकायचाय," चष्मेवाला म्हणाला, "पण तो पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षीच या. आज मी गाडीचं माप घ्यायचं आणि नंतर तुम्ही तिचा श्वासच बदलायचा, म्हणजे माझं माप वाया."

"आणि काहीच बदलायचं नसेल तर?"

"तर आजसुद्धा चालेल. प्लग किती चाललेत ते सांगा."

चष्मेवाल्याला प्लग कुठे असतात हेच ठाऊक नव्हतं. गेला बिचारा.

'आत्ता नको' हे दोन शब्द ज्या एका माणसापुढे चालत नसत, ती म्हणजे त्याची ताई. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे आता एकोणसाठीची. ती कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत तिची लॅब: प्लास्टरची पोती, मेणाचे तक्ते, पॉलिशचं चाक, आणि उथळ कप्प्यांच्या कपाटात रंगछटेप्रमाणे लावून ठेवलेले शेकडो दात. शहरातले चार दंतवैद्य तिच्याकडे माणसांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि ती त्यांना चावण्याजोगं काहीतरी परत पाठवायची. बोलायला सडेतोड, हाताला अचूक आणि गाडी चालवायला बसली की तिच्या वयातली वीस वर्षं कुठल्या कुठे पळून जायची. पंचावन्नाव्या वर्षी तिनं टर्बोची एक छोटी राखाडी गाडी घेतली. तिच्या वयाच्या मैत्रिणींनी मऊ सीटची, आपोआप गिअर बदलणारी गाडी सुचवली होती. ताई म्हणाली, "मग टॅक्सीच करीन की."

एका शनिवारी सकाळी ती वर्कशॉपमध्ये आली आणि सरळ विषयाला हात घातला.

"धाकट्या, गाडी ट्यून करून हवीये."

"आत्ता—"

"थांब. आधी हे बघ." तिनं उजव्या हाताचा अंगठा त्याच्यासमोर धरला. सांधा सुजलेला होता. पस्तीस वर्षं प्लास्टर तासलेला अंगठा. "डॉक्टर म्हणतात, सांधा झिजलाय. दोन वर्षांनी गिअरची दांडी धरवेल की नाही, सांगता येत नाही. मला वरच्या तळ्यापर्यंतचा घाट एकदा असा चढायचाय की ट्रकमागे रांगायला नको. हिच्या पोटात किती दम आहे ते एकदा माझ्या हातानं बघायचंय. नंतर बघून उपयोग नाही."

त्यानं मान डोलावली. त्याला ते पटलंही होतं. तरी तोंडातून बाहेर पडलं ते नेहमीचंच. मग त्यानं यादी सांगितली: टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर लहान आहे, मोठा हवा, सायलेन्सर बदल, क्लच तेवढा जोर पेलणार नाही, प्लग, तेल, हवेचे सगळे पाइप, आणि पेट्रोल कायम एकाच प्रतीचं भरायचं. हे सगळं झालं की मग ट्यून. ताईनं एका दंतवैद्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं आणि कसली कुरबूर न करता निघून गेली. तिथंच त्याला समजायला हवं होतं की ही बाई चंग बांधून आलीये.

यादी खोटी नव्हती बरं का. एकूण एक गोष्ट रास्त होती. पण ती सांगताना त्याच्या आवाजात जो सुटकेचा सुस्कारा होता, तो मात्र त्याचा त्यालाच ऐकू आला.

त्याचं कारण सव्वीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा, एका गॅरेजमध्ये नुकता लागलेला, आणि आपल्याला सगळं येतं या समजात. ताईनं तेव्हा नुकतीच स्वतःची लॅब सुरू केली होती. तिच्याकडे जुनी टर्बोची गाडी होती, त्या गाडीतून ती तीन गावांतल्या दवाखान्यांत कवळ्या पोचवायची. ह्यानं हौसेनं दुसऱ्या कुठल्याशा गाडीचे आकडे उचलून तिच्या गाडीत घातले. दुसऱ्याच दिवशी चढावर इंजिन गेलं. उघडून बघितलं तर एक पिस्टन कडेनं वितळलेला. हवेचा एक रबरी पाइप चिरलेला होता. त्या चिरेतून हवा निसटत होती, ती भरून काढायला टर्बो जिवाच्या आकांतानं फिरत होता, आणि तापलेली हवा इंजिनात जात होती. गाडी भंगारात गेली. ताई दोन वर्षं मांडीवर कवळ्यांचे ट्रे घेऊन बसनं हिंडली. एका शब्दानं बोलली नाही. "जुनीच होती रे ती," एवढंच म्हणाली. तो मात्र तेव्हा लहान मुलासारखा रडला होता, आणि त्यानं कानाला खडा लावला. ते अकरा प्रश्न तिथून आले होते. आणि एवढ्या वर्षांत शेकडो गाड्या केल्या तरी ताईच्या गाडीच्या आकड्यांना त्यानं पुन्हा बोट लावलं नव्हतं. साधी भीती होती ती. शहाणपण म्हणून खपत होती इतकंच.

चार महिन्यांत ताईनं यादी संपवली. इंटरकूलर आला, सायलेन्सर बदलला, क्लच बसला. शेवटच्या दिवशी ती पाठकोरी चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवून उभी राहिली. सगळ्या ओळींवर काट.

"आता?"

"आता आधी एक आठवडा नोंदी घेऊ," तो म्हणाला आणि गाडीत एक डबी बसवून दिली. गाडी चालताना इंजिन काय काय करतं ते ती डबी टिपून ठेवते.

आठवड्यानं त्यानं नोंदी उघडल्या आणि त्याचे डोळे चमकले. इंजिनाला एक कान असतो, म्हणजे एक छोटा सेन्सर. आत पेट्रोल वेळेआधी भडकलं की जो ठोका बसतो, तो तिथं ऐकू जातो. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि नॉकिंग असताना ट्यून करणं म्हणजे आपण होऊन इंजिनाच्या मुळावर उठणं. ताईच्या गाडीत ठोके होते. झालं, 'आत्ता नको'ला सबळ पुरावाच मिळाला.

पण ठोके विचित्र होते. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या थोडं वर गेले की येत, साडेतीन हजारांना गायब. खरं नॉकिंग इंजिनावर भार पडला की येतं, तापलं की वाढतं. हे मात्र सपाट रस्त्यावर, थंड सकाळी, काही जोर नसतानाही हजर. आणि भर चढावर नेमकं गैरहजर! असं कसं? पेट्रोल बदललं, तरी ठोके. प्लग पुन्हा काढून बघितले. त्यांचा रंग इतका छान की कुणाला भेट द्यावेत. तरी ठोके. आता त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी जेवताना बायको काहीतरी सांगत होती आणि हा टेबलावर बोटांनी तीन हजार, तीन हजार दोनशे असं वाजवत होता. "मी काय म्हणाले?" तिनं विचारलं. "भार नसताना येतो," तो म्हणाला. तिनं ताट उचललं आणि आत निघून गेली.

भीती होती, पण कुतूहल भीतीपेक्षा चिवट निघालं. नुसती टाळाटाळच करायची असती तर हे ठोके त्याला चांगले वर्षभर पुरले असते. पण ठोका कुठून येतो हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं ताईला बोलावून गाडीत बसवलं, "तीन हजारांवर धरून ठेव," म्हणाला, आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. हा जुन्या मेकॅनिकांचा स्टेथोस्कोप. इथं टेकव, तिथं टेकव. शेवटी पुढच्या बाजूला, खाली, जिथून पाण्याची बारीक नळी जाते तिथं, टक टक टक टक. अगदी स्पष्ट. त्यानं बॅटरीचा उजेड पाडला आणि वाकून बघितलं.

आत काहीतरी गुलाबी होतं.

"ताई, इंजिन बंद कर."

नळीला इंजिनापाशी धरून ठेवणारी क्लिप गुलाबी होती. साधी गुलाबी नव्हे, हिरडीची गुलाबी. गुळगुळीत, काचेसारखं पॉलिश केलेली.

"हे काय आहे?"

"क्लिप," ताई खिडकीतून म्हणाली. "मूळची तुटली होती. नवी यायला तीन आठवडे लागणार होते. म्हटलं, आपल्याकडे कवळीचं अ‍ॅक्रिलिक पडलंय. माप घेतलं, साचा केला, ओतली. मस्त बसलीये ना?"

बसली होती खरी, केसभरही फट नव्हती. पण मूळच्या क्लिपला आतून रबर असतं. ह्या क्लिपला ते नव्हतं, आणि नळी त्या कडक गुलाबी कवळीवर तीन हजार फेऱ्यांना बरोबर सूर लावून आपटत होती. सेन्सर बिचारा समजत होता की आत पेट्रोल भडकतंय.

"तू इंजिनाला हिरडी लावलीस," तो म्हणाला आणि इतका हसला की त्याला बंपरवर टेकावं लागलं. ताईला काही फारसं हसू आलं नाही. पस्तीस वर्षांत तिचं काम कुणी वाजतं म्हणून परत केलं नव्हतं.

नवी क्लिप त्यानं स्वतः मागवून बसवली. ठोके बंद. नोंदींची पानंच्या पानं कोरी. मग ताई पुन्हा येऊन उभी राहिली.

"आता?"

तो म्हणाला, "हवा जरा थंड होऊ दे. थंड हवेत आकडे..."

"धाकट्या."

"मला भीती वाटते," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तुझीच गाडी आहे म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर मागच्याच आठवड्यात झाली असती."

ताईनं बॅग खाली ठेवली. "दात काढले की लगेच कायमची कवळी करायची नसते, हे तुला माहितीये. हिरडी बसू द्यावी लागते. मीच लोकांना सांगते, थांबा. पण काही लोक घाबरून येतच नाहीत. वर्षानुवर्षं. मग हाड झिजून इतकं सपाट होतं की कवळी टिकेल अशी जागाच उरत नाही. त्यांना मी काय देऊ?" तिनं अंगठा चोळला. "हिरडी बसलीये. शनिवारी सकाळी येते."

शनिवारी गाडी रोलरवर चढली, पट्टे आवळले, पंखा सुरू झाला. त्यानं कार्ड हातात घेतलं.

"मला पण विचारणार?"

"सगळ्यांना विचारतो."

पुढे काही बदलायचं नाही. पेट्रोल एकाच प्रतीचं. तेल मागच्याच आठवड्यात. ताई पटापट उत्तरं देत होती. सातवा प्रश्न आला. "जोर लावताना कुठे शिट्टी, सुसकारा, हवा सुटल्यासारखा आवाज येतो?"

"या वेळी नाही," ताई म्हणाली.

त्याचं पेन थांबलं.

"या वेळी नाही म्हणजे?"

ताईनं पंख्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. ह्या बाईला कुणाच्याही नजरेला नजर देताना अडखळलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"त्या वेळीही तू विचारलं होतंस," ती म्हणाली. "आठवतंय? गाडीखाली पडल्या पडल्या विचारलंस, ताई, शिट्टी वगैरे येते का? मी म्हटलं, नाही."

"आणि येत होती?"

"आठवडाभर येत होती."

त्यानं पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं तो त्या वितळलेल्या पिस्टनचा धनी होता. लोकांना परत पाठवत होता, कार्डं छापत होता, आणि ही मूग गिळून बसली होती!

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी खोलली असतीस. मला दुसऱ्या दिवशी तीन गावं करायची होती."

"आणि नंतर? इंजिन गेल्यावर?"

"नंतर तू इतका रडलास की मला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले. मग तू एवढा नीट काम करायला लागलास... म्हटलं, आता सांगून तुझं कशाला बिघडवायचं. पण तू माझ्या गाडीला हात लावत नाहीस ते कशामुळे, ते मला पहिल्यापासून कळत होतं. चुकलंच माझं."

त्याला राग आला. खरोखरचा, कान तापवणारा. तो बाहेर जाऊन गोदामाच्या भिंतीशी उभा राहिला. ट्रकमधून फरशा उतरत होत्या, त्या मोजत राहिला. चाळीसेक फरशांनंतर रागाच्या खाली काहीतरी हलकं असल्याचं त्याला जाणवलं. पाइप चिरलेला होता. त्यानं विचारलं होतं. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उचलून घातले हा मूर्खपणा त्याचाच, त्याला काही इलाज नव्हता. पण विचारलं होतं! चोवीस वर्षांच्या त्या दीडशहाण्यानं बरोबर तोच प्रश्न विचारला होता.

आत येऊन त्यानं राहिलेले चार प्रश्न विचारले, तोंड फुगवूनच, आणि काम सुरू केलं. गाडी जागच्या जागी गरजली. तो थोडी हवा वाढवी, ठिणगी पुढेमागे करी, सेन्सर काय ऐकतो ते बघी, पुन्हा एक फेरी. पेट्रोल किंचित जास्त, पुन्हा फेरी. काठावर कुठेच नेलं नाही. इतरांना जेवढं देतो तेवढंच दिलं, राखून ठेवतो तेवढंच राखलं. भीतीपोटी कमी नाही आणि ताई म्हणून जास्तही नाही. दुपारपर्यंत पडद्यावरची रेघ वर चढून नितळ झाली. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण तासाभरापूर्वीच घाबरायचं विसरलोय.

"रस्त्यावर एक चक्कर मार," तो म्हणाला. "तळ्याच्या फाट्यापर्यंत जा आणि परत ये. सगळं ठीक असलं तर उद्या घाट."

ती गेली. तो चहा प्यायला, दुसराही प्यायला. पस्तीस मिनिटांनी गाडी आत आली. ताईचे केस विस्कटलेले, गाल लाल.

"काय दम आहे रे! चौथ्यातसुद्धा पाठ सीटला चिकटते."

"काही वेगळं जाणवलं?"

"काही नाही. मस्त." तिनं दार लावलं, बॅग खांद्याला अडकवली, दाराशी गेली आणि तिथंच थांबली.

"तिसऱ्यात," ती म्हणाली, "वळणातून बाहेर पडताना एकदम जोर दिला तर हलका झटका बसतो. दोनदा बसला. सांगितलं तर उद्याचं राहील ना?"

"राहील. कदाचित पुढच्या आठवड्यापर्यंत."

ताईनं आपला अंगठा एकदा चोळला. मग परत येऊन गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"दोनदा नाही," ती म्हणाली. "पाचदा. लिहून घे, कुठे कुठे ते सांगते."